क्लॅरिस काढून सोरा बसवू का?

साताऱ्याच्या एका सायकलस्वाराचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांनी सेकंडहँड रोड बाईक घेतली. पुढे ५०/३४ची क्रँक (५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या), मागे आठ गिअर, शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा लिव्हर) आणि डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) शिमानो क्लॅरिसचे. सुरुवातीला गिअर झकास पडायचे. पावसाळ्यानंतर यवतेश्वरचा घाट चढताना साखळी आपोआप शेजारच्या चकतीवर उडी मारायला लागली, आणि उतारावर छोट्या चकतीवर जायला दोनदा टिचकी मारावी लागते. दुकानातून सेटिंग करून आणलं की चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो, क्लॅरिस असंच असतं, शिमानोचाच त्यावरचा सोराचा पूर्ण सेट टाका. राईडला सोबत असणारे म्हणतात सोराही नको, थेट त्याहून महाग १०५ घ्या. तर काय घ्यावं?

केबल घ्या. मागच्या गिअरची एक इनर (आतली तार), तिचं पूर्ण आऊटर (बाहेरचं वेष्टन) आणि आऊटरच्या टोकांना लावायच्या मूठभर टोप्या. बाकी खरेदीचं नंतर बघू.

गेली अठरा वर्षं मी पुण्यात सायकली उघडतोय, आणि स्वतःच्या बाईकवर आजही आठ गिअरच आहेत. ‘चार दिवस बरं’ हे तीन शब्द ऐकले की सायकल न बघता सांगता येतं की दोष डिरेलरचा नाही. डिरेलर बिघडला असेल तर तो रोज बिघडलेला असतो. सेटिंग करून बरं वाटणं आणि परत घसरणं हा दोरीचा स्वभाव.

मागचा डिरेलर काय करतो ते एकदा डोळ्यासमोर आणा. शिफ्टर केबल ओढतो तेव्हा साखळी मोठ्या चकतीकडे जाते. उलट येताना शिफ्टर काहीच ढकलत नाही, फक्त केबल सोडून देतो. डिरेलरमधली स्प्रिंग ती केबल परत खेचते आणि साखळी छोट्या चकतीवर उतरते. ओढायला तुमचा हात आहे, परत खेचायला बिचारी ती एक स्प्रिंग. आऊटरमध्ये गंज, चिखल काहीही साचलं की पहिली ती हरते. म्हणून छोट्या चकतीवर जायला दोनदा टिचकी लागते. दुकानात मग बॅरल (केबलचा ताण बदलायचा छोटा स्क्रू) फिरवून केबल थोडी सैल करतात. छोटीकडे जाणं सुधारतं, पण आता मोठीकडे जाताना ओढ कमी पडते आणि चढावर, जोर लागला की, साखळी दोन चकत्यांच्या मधे लोंबकळून घसरते. मग बॅरल उलटा. या गोल गोल फिरण्याला आपल्याकडे सेटिंग म्हणतात.

खात्री करायला पाना लागेल आणि पाच मिनिटं. डिरेलरवरचा केबलचा बोल्ट सैल करा, केबलचं मोकळं टोक बोटांत धरून हलकं ताणा, आणि दुसऱ्या हाताने शिफ्टर एकेक खाली सोडत जा. केबल बोटांत गुळगुळीत सरकली पाहिजे. करकर लागत असेल, अडखळत असेल, तर निदान झालं. बहुतेक वेळा दोषी सापडतो तो चेनस्टेपासून (फ्रेमची मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) डिरेलरकडे वळणारा शेवटचा छोटा गोल तुकडा. तिथे पाणी उतरतं आणि बसून राहतं. कास किंवा महाबळेश्वरच्या बाजूला पावसात फिरलेली सायकल असेल तर तो तुकडा काढून उभा धरा, अक्षरशः तांबडं पाणी गळतं. दुसरी जागा क्रँकच्या खाली, जिथे दोन्ही केबली प्लास्टिकच्या पन्हळीतून जातात. बाटलीतून ओघळलेलं एनर्जी ड्रिंक, घाम आणि धूळ तिथे जमून काकवीसारखा थर होतो. तो बघायला कुणी सायकल उलटी करत नाही.

आऊटर बदलताना दोन गोष्टी दुकानात उभं राहून बघा. एक, ते गिअरचंच आऊटर आहे ना. ब्रेकच्या आऊटरमध्ये तार गुंडाळलेली असते, ती दाबली की किंचित आखडते. ब्रेकला त्याने फरक पडत नाही, पण गिअरचं गणित मिलिमीटरच्या हिश्श्यात चालतं. गिअरच्या आऊटरमध्ये तारा लांबीने सरळ जातात म्हणून ते आखडत नाही. कापलेल्या टोकाकडे पाहिलं तर कडेने ठिपक्या-ठिपक्यांची रांग दिसते, तेच गिअरचं. इनरही वेगळी, गिअरची १.२ मिलिमीटर, ब्रेकची १.६. हाताशी आहे म्हणून ब्रेकचं आऊटर गिअरला लावलेल्या सायकली मी इतक्या पाहिल्यात की आता हसूही येत नाही.

दुसरी गोष्ट कापण्याची. साध्या पकडीने कापलं की आतली प्लास्टिकची नळी चिमटली जाते. धारदार केबल-कटरने कापायचं, टोक कानशीने सपाट करायचं आणि गोधडी शिवायच्या दाभणाने आतलं भोक पुन्हा गोल करायचं. माझ्या टेबलावर तो दाभण कटरच्या शेजारीच असतो. मग टोपी. हे नीट झालं तर क्लॅरिसवर नव्या केबलने जो फरक पडतो तो बघून लोक विचारतात, डिरेलर बदललात का?

केबल नवी टाकूनही घाटात साखळी उडत असेल तर हँगर बघा. फ्रेमवर डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या कानावर लटकतो तो हँगर. तो मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे सायकल पडली तर तो वाकतो, फ्रेम वाचते. सेकंडहँड सायकल स्लीपर बसच्या पोटातून बॅगांखाली दबून आली असेल तर वाकलेला असायची शक्यता दाट. साखळी मधल्या चकतीवर ठेवा, मागे उकिडवे बसा आणि डिरेलरच्या दोन छोट्या चाकांमधून जाणारी रेघ चकतीला समांतर आहे का बघा. वरचं चाक बरोबर चकतीखाली आणि खालचं स्पोककडे झुकलेलं दिसलं की हँगर आत वळलाय. सरळ करायला लांब दांड्याचं गेज मिळतं, ते असलेला मेकॅनिक शोधा. हाताने अंदाजे वाकवू नका, मोडला तर तुमच्याच फ्रेमचा हँगर शोधण्यात पंधरा दिवस जातात.

जाता जाता एक गंमत. शिमानोच्या डिरेलरमधलं वरचं छोटं चाक आडवं थोडं हलतं. लोकांना वाटतं झिजलं. ते तसंच बनवलेलं असतं, म्हणजे सेटिंगमध्ये केसभर चूक असली तरी साखळी आपली जागा शोधून घेते. एका पोराने दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही चाकं काढून घासली आणि परत बसवताना खालचं वर, वरचं खाली केलं. त्यानंतर महिनाभर त्याची सायकल खडखडत होती आणि तो महिनाभर क्लॅरिसला शिव्या देत होता.

आता साखळी. घाटात उडी मारते म्हणता, तर ती उडी नेमकी कोणती ते आधी ठरवा. साखळी शेजारच्या चकतीवर जाऊन परत येत असेल तर केबल किंवा हँगर. पण साखळी त्याच चकतीवर राहते आणि पॅडल एकदम ‘खट्’ करून पायाखालून निसटतं, असं असेल तर दात किंवा साखळी झिजलीय. मोजायला महागडं गेज नको, शाळेची स्टीलची फूटपट्टी पुरे. साखळी ताणलेली असताना शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा. नव्या साखळीत पुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती एक सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या जरा वर, पुढे गेली तर साखळी अर्धा टक्का वाढलीय. अकरा गिअरवाल्याने इथेच बदलावी. आठवाल्याला पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरपर्यंत मुभा आहे. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर साखळीने कॅसेटही (मागच्या चकत्यांचा संच) खाल्लेली असते, मग दोन्ही एकदम बदला. नवी साखळी जुन्या झिजलेल्या कॅसेटवर टाकली की ती पहिल्याच चढावर घसरते, आणि नाव पुन्हा क्लॅरिसचं खराब होतं.

इथे आठ गिअरची बाजू घेतल्याशिवाय मला राहवत नाही. आठच्या कॅसेटमध्ये एका चकतीपासून दुसरीचं अंतर ४.८ मिलिमीटर असतं. नऊला ते साधारण ४.३५, दहाला ३.९५, अकराला ३.७च्या आसपास. केबल अर्धा मिलिमीटर चुकली तर आठ गिअरवाला शिट्टी वाजवत घरी जातो, अकरावाल्याची खडखड सुरू होते. साखळी आणि कॅसेट स्वस्त, आणि तालुक्याच्या गावातही कुठेतरी आठची साखळी मिळते. महाग सेट वजनाने हलका असतो, लिव्हर हातात छान बसतो, ब्रेक नक्कीच सरस, हे सगळं खरं. पण धूळ, चिखल आणि आळशी मालक यांना सहन करण्यात स्वस्त सेट पुढे आहे. हूडवरून (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठीवरून) हात न काढता गिअर टाकायची सोय शिमानोने पहिल्यांदा १९९० मध्ये ड्युरा-एस या आपल्या सगळ्यात वरच्या रोड सेटवर आणली. तेव्हा तीही मागे आठच चकत्यांची होती, आणि त्यावर लोक आल्प्सचे घाट चढत होते. यवतेश्वरला आठ कमी पडत नाहीत.

कमी पडतात ते दात. तुमच्या मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजा. सेकंडहँड क्लॅरिसवर हमखास २८ सापडतात. ३४/२८वर (पुढे ३४ दात, मागे २८) पॅडल एकदा फिरलं की सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे धरले तर ताशी नऊ किलोमीटर. घाटात तुमचा वेग त्याखाली गेला की साठ फेरेही होत नाहीत, पॅडलवर उभं राहून रेटणं सुरू होतं. त्याच शिफ्टरवर, त्याच आठ गिअरमध्ये ११-३२ची कॅसेट (सगळ्यात छोटी चकती ११ दातांची, सगळ्यात मोठी ३२ची) टाकली तर साठ फेऱ्यांना ताशी आठ किलोमीटर. एक किलोमीटरचा हा फरक कागदावर फुसका दिसतो, पसरणी घाटात तो देवासारखा धावून येतो. डिरेलर लांब पिंजऱ्याचा आहे ना एवढं बघा (पिंजरा म्हणजे ती दोन छोटी चाकं धरणारा भाग; मागच्या बाजूला जीएस असं कोरलेलं असतं). आखूड पिंजऱ्याचा असेल तर ३२ची मागणी करू नका. कॅसेटबरोबर नवी साखळीही लागेल, कारण मोठ्या चकतीला ती थोडी लांब लागते.

सोराचं कोटेशन तुम्ही पाठवलंय ते वाचलं. त्यात दोन्ही शिफ्टर, दोन्ही डिरेलर, क्रँक, कॅसेट, साखळी असं सगळं धरलंय. मागे नववा गिअर हवाच असेल तर मागचा डिरेलर बदलायची गरजच नाही. शिमानोच्या आठ आणि नऊच्या रोड सेटमध्ये तेवढ्याच केबलला मागचा डिरेलर तेवढाच सरकतो, किती ओढायची ते शिफ्टर ठरवतो, म्हणून क्लॅरिसचा डिरेलर नऊच्या शिफ्टरवर मुकाट्याने चालतो. हबही तोच राहतो, आठ-नऊ-दहाच्या कॅसेट हबच्या एकाच रुंदीच्या बॉडीवर (कॅसेट जिच्यावर चढते ती नळी) बसतात. अकराच्या रोड कॅसेटला ती १.८५ मिलिमीटर जास्त रुंद लागते, म्हणून १०५ वर उडी मारायची तर बहुतेकदा चाकापासून सुरुवात होते. तुमच्या राईडच्या मित्रांनी हा भाग सांगितला नसणार. शिफ्टर नऊचे, कॅसेट नऊची, साखळी नऊची आणि दोन चकत्यांमध्ये एक जास्तीची चकती, एवढीच त्या पूर्ण सेटची खरी कमाई. माझ्या मते हा पैशाचा अपव्यय आहे. सपाट रस्त्यावर गटाने वेगात जाताना तो मधला गिअर आवडतो, नाही असं नाही. पण तुम्ही घाटवाले.

जुना माल घेणाऱ्यांसाठी एक सापळा आहे, तो इथेच सांगून टाकतो. दहा म्हणजे दहा नव्हे. टियाग्राच्या (सोरा आणि १०५च्या मधला सेट) ४७०० मालिकेपासून शिमानोने दहा गिअरची केबलची ओढ बदलली. ४६०० चा शिफ्टर आणि ४७०० चा डिरेलर, दोन्हींवर टियाग्रा, दोन्ही दहाचे, आणि जोडी जमत नाही. क्यूज नावाची नवी मालिका २०२३ मध्ये आली, तिची कॅसेट आणि ओढ सगळंच वेगळं. तिच्या नऊ गिअरचा सोराच्या नऊशी काही संबंध नाही. सेकंडहँडमध्ये सुटा शिफ्टर स्वस्त दिसला की आधी मागचा नंबर वाचा.

शिमानो सोडून दुसरं काही? ट्रायबन आरसी १२०वर मायक्रोशिफ्टचे आठचे शिफ्टर येत, ते बऱ्याच जणांनी वापरले असतील. त्यात ब्रेकचा लिव्हर आडवा सरकत नाही, त्याच्या मागे दोन वेगळ्या पट्ट्या असतात. एक मोठ्या चकतीकडे नेते, दुसरी छोटीकडे. शिमानोची सवय असलेल्याला पहिले चार दिवस उलटं वाटतं, आवाजही ठसठशीत येतो, प्लास्टिक प्लास्टिकसारखं दिसतं. पण आतली यंत्रणा साधी आहे, आणि मायक्रोशिफ्टचा आठचा शिफ्टर शिमानोच्या आठच्या डिरेलरशी जुळतो, म्हणून अडल्या वेळी तो चांगला पर्याय. चिनी कंपन्यांचे अकरा-बारा गिअरचे सेट आता ऑनलाइन भरपूर दिसतात. घ्यायचेच तर शिफ्टर आणि डिरेलर एकाच कंपनीचे, एकाच सेटचे घ्या, अर्धं हे अर्धं ते करू नका. आणि शिफ्टर बिघडला तर इथे तो उघडून देणारा कुणी नाही हे गृहीत धरून घ्या.

शिफ्टर बदलावाच असं मी कधी सांगतो? स्टेमजवळ (हँडल धरणाऱ्या दांड्याजवळ) अंगठ्याने ढकलायची कांडी असलेले शिमानोचे ए-०५० असतील तर हो. गिअर टाकायला हूड सोडावा लागतो, आणि आपल्या रस्त्यांवर ब्रेकवरून हात उठवायची चैन परवडत नाही. टूर्नी ए-०७० मध्ये आतल्या बाजूला अंगठ्याचं बटण असतं, तेही ड्रॉपमध्ये (हँडलच्या खालच्या वाकड्या भागात) वाकलं की अंगठ्याला पोचत नाही. उतारावर वेगात गिअर वाढवणाऱ्याला ते खटकतं, बाकीच्यांना वर्षानुवर्षं चालतं. सात गिअरच्या त्या सायकलींवर मागे आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असेल तर मात्र शिफ्टरआधी चाकाचा विचार करा. त्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग खूप आत असतं, उरलेला ॲक्सल बाहेर उघडा लोंबतो, आणि वजनदार स्वार किंवा खड्डे असतील तर तो वाकतो, कधी तुटतोही. क्लॅरिसवर यातलं काहीच लागू नाही. सोरासाठी काढलेल्या पैशांतून काही खर्च करायचाच असेल तर ब्रेकचे चांगले शू घ्या. स्वस्त कॅलिपरचे मूळ शू दगडासारखे असतात, यवतेश्वर उतरताना तुम्हाला ते ठाऊक झालंच असेल.

शेवटी शिफ्टरच्या आतली एक गोष्ट, कारण तुमच्या लक्षणांत तिचीही शक्यता आहे. ज्या शिफ्टरची केबल बार टेपखालून जाते तिथे ती शिफ्टरच्या आत एकदम वळते, आणि मागच्या गिअरची केबल दिवसातून शेकडो वेळा त्याच जागी वाकते. डोक्याजवळचे धागे एकेक करून तुटू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. कळतं ते असं की एकाच आठवड्यात दोनदा बॅरल आवळावा लागतो. नवी केबल सुरुवातीला थोडी सैल पडते, ते ठीक. जुनी केबल अचानक ‘वाढायला’ लागली तर ती वाढत नाही, तुटतेय. तिथेच थांबा, गिअर सगळ्यात छोट्या चकतीवर आणा (त्याच स्थितीत केबलचं डोकं बाहेर निघतं) आणि बदला. तुटल्यावर डोकं आत अडकलं की चिमटा, टाचणी, शिव्या आणि एक दुपार. त्यात शिफ्टर वाचेलच असं नाही. मी स्वतःची केबल वर्षातून एकदा, दसऱ्याला, चालत असो वा नसो, बदलतो.

हे शहाणपण खंबाटकीच्या पायथ्याशी आलेलं आहे. तीनशे किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राईड) होती, वीस तासांची. आदल्या आठवड्यात मी दोनदा बॅरल फिरवला होता आणि स्वतःलाच ‘नंतर बघू’ म्हटलं होतं. घाट सुरू होताना मोठ्या चकतीसाठी लिव्हर ढकलला, आत ‘टक्’ झालं, लिव्हर मोकळा फिरला आणि साखळी ११ दातांवर जाऊन बसली. ३४/११वर खंबाटकी चढणारा मी नव्हे. डाऊनट्यूबवरून (फ्रेमची खालची तिरपी नळी) केबलचा तुटका शेपूट बाहेर ओढला, एकाने पॅडल फिरवलं, मी केबल खेचत साखळी २४ दातांपर्यंत नेली आणि केबल बाटलीच्या जाळीच्या बोल्टखाली गुंडाळून बोल्ट करकचून आवळला. मागे एकच गिअर, पुढे दोन. घाटात ३४/२४, सपाटीला ५०/२४. त्या गिअरवर मिनिटाला नव्वद फेरे मारले तरी ताशी चोवीसच्या पुढे सायकल जात नाही, पण वीस तासांत तीनशेला ताशी पंधराच लागतात. वेळेत पोचलो.

तेव्हापासून सीटखालच्या पिशवीत गिअरची एक इनर बांगडीसारखी गुंडाळून ठेवलेली असते. तुम्ही केबल आणायला जाल तेव्हा दोन घ्या.